विश्लेषण : कोकम, बिंबली, नीरफणस… कालवणातली फळझाडे परसात कशी लावावीत, कशी टिकवावीत?

अलिबागच्या वाड्यांचे नाव निघाले की नारळ आणि पोफळी डोळ्यांसमोर येतात. पण त्याच वाडीत, विहिरीच्या काठाला किंवा मोरीच्या पाण्यावर, आणखी काही झाडे उभी असतात. त्यांची फळे सहसा कोणी तोडून तशीच खात नाही. ती आधी चुलीवर चढतात, मिठात पडतात किंवा उन्हात वाळतात. रातांबा, बिंबली, नीरफणस, अंबाडा, कोवळा फणस, रायवळ कैरी ही त्यातली मुख्य नावे. या फळांना मोठा बाजार नाही, बहुतेकांना सरकारी योजना नाही आणि एकाचे तर बीही नाही. त्यामुळे ती घरच्या परसात टिकली तरच टिकतात. निसर्ग चक्रीवादळाने वाड्या आडव्या केल्या आणि त्यानंतर जमिनीच्या व्यवहारांनी वेग घेतला. अशा वेळी ही झाडे लावायची कशी, त्यांत फसगत कुठे होते आणि उरलेली कशी वाचवायची, याविषयी.

या फळांचे स्वयंपाकघरात काम काय?

काम मुख्यतः आंबटपणाचे. वालाच्या बिरड्यात आमसूल पडते. कोळी आणि आगरी घरांत मासळीच्या कालवणात कधी आमसूल, कधी चिंच, कधी आंबोशी म्हणजे कैरीच्या वाळवलेल्या फोडी. बिंबलीच्या दिवसांत ती ताजी, उभी चिरून कोळंबीत किंवा सुकटीत जाते. ऋषिपंचमीच्या भाजीत अंबाडे लागतात. नीरफणस आणि फणसाची कुयरी या दोन्ही मात्र आंबट नाहीत, त्या पोटभरीच्या. नीरफणसाचे काप हळद, मीठ, तिखट आणि आगळ लावून, रव्यात घोळवून तव्यावर परतले की श्रावणात मासळी बंद असलेल्या घरात ताटाची कड सुनी राहत नाही.

प्रत्येक आंबटाची जात वेगळी असते, हे शहरात एकाच चिंचेवर भागवणाऱ्यांना सांगून पटत नाही. आमसुलाने कालवणाचा रंग थोडा काळपट-जांभळा होतो, पण रस्सा दाट होत नाही. चिंचेने तो दाट होतो. बिंबली शिजून विरघळते आणि तिचा आंबटपणा झणझणीत, पुढे येणारा असतो. अंबाड्याला कैरीसारखा वास असतो. वर्षभराचा मेळही यातच बसलेला आहे. कैरी चैत्र-वैशाखात, रातांबा वैशाख-ज्येष्ठात, अंबाडा भाद्रपदात. मधल्या काळासाठी आमसूल आणि आंबोशी बरणीत. एका घराला बाजारात न जाता बाराही महिने आंबट मिळावे, अशी ही व्यवस्था.

मग ती बाजारात फारशी का दिसत नाहीत?

कारण ती टिकत नाहीत. बिंबलीची साल इतकी पातळ की तोडल्यावर दोन-तीन दिवसांत ती मऊ पडून पाणी सोडते. नीरफणस काढल्यावर काही दिवसांतच पिकून गिळगिळीत होतो आणि मग त्याचे काप पडत नाहीत. रातांबा पावसात भिजला की सडतो. ट्रकमध्ये भरून लांबच्या मंडईत पाठवायचा माल हा नव्हे. आमसूल वाळवलेले म्हणून विकले जाते, आणि त्यातही नाव दक्षिणेकडचे मोठे. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते ‘सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी कोकम’ला. रायगडच्या परसातले आमसूल घरचे आणि पाहुण्यांना पुडीत बांधून द्यायचे.

शिजवूनच खायच्या फळांचे हे नशीब फक्त कोकणातले नाही. नेदरलँड्समध्ये नासपतीच्या काही जुन्या जाती अशा आहेत, की त्या कच्च्या खाव्यात तर दाताला दगड लागल्यासारखे वाटते. एकोणिसाव्या शतकात तिथे पुढे आलेली ‘गीझर विल्डमन’ ही त्यातली प्रसिद्ध जात. दालचिनी आणि वाइन घालून मंद आचेवर तासन् तास शिजवली की ती मऊ होते आणि लालसर रंग धरते. थंडीत साठवता येते, म्हणून ती पूर्वी घराच्या बागेत लावली जाई. तिच्या बाजूने एक गोष्ट होती, तिचे फळ महिनोन् महिने टिकते. बिंबलीला आणि नीरफणसाला ती सवलत नाही.

निसर्ग वादळाने आणि त्यानंतर नेमके काय बदलले?

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर, झोतांचा १२० पर्यंत होता. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा या तालुक्यांत नारळ, सुपारी आणि आंब्याच्या बागा मोडून पडल्या. पंचनामे झाले, भरपाईची चर्चा झाली. साहजिकच ती नारळ-सुपारीची होती, कारण घर त्यावर चालते. परसातली एखादी बिंबली किंवा नीरफणस पडला तर त्याची किंमत धरणार कोण आणि कशी?

वाडीत एका झाडाच्या आडोशाला दुसरे वाढते. पोफळीच्या सावलीत मिरी आणि जायफळ, नारळाच्या आडोशाला कोकम. वरचे छत्र गेले की खालच्या झाडांना एकदम ऊन आणि खारा वारा लागतो. त्यामुळे वादळात न पडलेली झाडेही पुढच्या एक-दोन उन्हाळ्यांत वाळू शकतात. हे नुकसान पंचनाम्याच्या तारखेनंतरचे असते.

दुसरा बदल जमिनीचा. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी गाडीसह नेणारी रो-रो सेवा सुरू झाली. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले. मुंबईहून अलिबाग जवळ आले आणि किनाऱ्यालगतच्या वाड्यांचे भाव चढले. थळ, किहीम, अक्षी, नागाव, रेवदंडा या पट्ट्यात वाडीच्या जागी बंगला, तरणतलाव आणि हिरवळ हे चित्र आता नवे नाही. विकत घेणारा नारळ ठेवतो, कारण तो फोटोत चांगला दिसतो. बिंबलीखाली फळांचा सडा पडतो, नीरफणसाचा चीक फरशीवर डाग पाडतो, कोकम ‘नुसतेच एक झाड’ दिसते. जेसीबी आला की पहिली ती जातात. गंमत अशी की उन्हाळ्यात हिरवळ जगवायला लागणाऱ्या पाण्यात अशी कितीतरी झाडे वाढली असती, आणि तीही मचूळ होत जाणाऱ्या विहिरींवर ताण न आणता.

कायदा आणि सरकारी योजनांत या झाडांना जागा आहे का?

अर्धवट. झाडे तोडण्यासंबंधीचा महाराष्ट्राचा कायदा १९६४ चा. त्याच्या अनुसूचीतली झाडे खासगी जमिनीवरही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. तिच्यात आंबा, फणस, चिंच, जांभूळ आहेत. कोकम, नीरफणस, बिंबली, अंबाडा नाहीत.

भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना २०१८-१९ पासून राबवली जाते. तिच्या यादीत आंबा, काजू, नारळ, चिंच यांच्याबरोबर कोकम आणि फणस आहेत, ही चांगली गोष्ट. पण लाभासाठी कोकणात किमान ०.१० हेक्टर म्हणजे दहा गुंठे क्षेत्र लागते. घराभोवती तीन-चार गुंठ्यांचे परस असलेले कुटुंब त्यात बसत नाही. नीरफणस, बिंबली आणि अंबाडा तर यादीतच नाहीत. यात कोणाचा दुष्टावा नाही. योजना बागेसाठी आखली आहे आणि ही झाडे बागेची नाहीत, घराची आहेत. पण परिणाम एवढाच, की त्यांची जबाबदारी ज्याच्या परसात ती आहेत त्याच्यावरच येते.

कोकमाचे रोप लावले, झाड मोठे झाले, फळच नाही. असे का?

परसबागेतली सर्वात मोठी फसगत हीच. कोकमाचे नर आणि मादी झाड वेगळे असते. बी रुजवून केलेल्या रोपांतली साधारण निम्मी नर निघतात, आणि रोप लहान असताना ते कळत नाही. कळते ते पहिला फुलोरा आल्यावर, म्हणजे सात-आठ वर्षांनी. तोवर पाणी घातलेले, कुंपण केलेले, कौतुक केलेले झाड ‘वांझ’ ठरवून तोडले जाते. खरे तर ते वांझ नसते, नर असते. ते तोडल्याने शेजारच्या मादी झाडांचे फळही कमी होऊ शकते.

हिवाळ्यात फुले आली की निरखून पाहावे. नर फुले घोसाने येतात आणि त्यांच्या मध्यभागी पिवळसर पुंकेसरांचा गड्डा असतो. मादी फुलाच्या मध्यभागी हिरवी, गोल, इवलीशी गाठ दिसते. तीच पुढे रातांबा होते.

यावरचा उपाय म्हणजे कलम. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने कोकमाच्या ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या जाती दिल्या आहेत. ‘अमृता’ १९९७ ची. ‘हातीस’चे फळ मोठे आणि साल जाड, म्हणून आमसुलाला सोयीचे. मृदुकाष्ठ पद्धतीने बांधलेले मादी झाडाचे कलम साधारण चार-पाच वर्षांत फळावर येते. आसपास एखादे नर झाड असले की काम भागते. ते शेजाऱ्याच्या वाडीत असले तरी चालते, फक्त शेजाऱ्याला ते तोडू नका म्हणून सांगून ठेवावे.

रोपवाटिकेत आणखी एक गोष्ट पाहावी. कोकमाच्या झाडाला सरळ वर जाणारा शेंडा असतो आणि आडव्या पसरणाऱ्या फांद्या असतात. कलमाची काडी आडव्या फांदीची असेल तर झाडही आडवेच पसरत राहते, झुडपासारखे. उभ्या फुटीची काडी असेल तर ते नीट उंच होते. तीन गुंठ्यांच्या परसात हा फरक फार मोठा असतो. कलम घेताना त्याचा कल बघावा आणि विक्रेत्याला विचारावे.

नर निघालेले पण अजून तरुण असलेले झाड असेल तर ते तोडण्याऐवजी वरून छाटून, नव्या फुटीवर मादी झाडाची काडी बांधता येते. हे काम हौसेने करून पाहण्याचे नाही, कलमे बांधण्याचा हात असलेल्या माणसाकडून करून घ्यावे.

लागवड पावसाच्या सुरुवातीला. दीड-दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, त्यात शेणखत आणि वरची माती. पहिली दोन-तीन वर्षे कोकमाला अर्धी सावली मानवते, म्हणून ते नारळांच्या ओळीच्या आत, समुद्राच्या वाऱ्यापासून आडोशाला लावावे. फळ उन्हाळ्याच्या अखेरीस पिकते आणि उशिरा पिकणारे मृगाच्या पावसात सापडते. ज्यांच्या अंगणात आमसुले वाळत असतात त्यांना जूनचा पहिला ढग नको असतो तो यासाठी. आमसूल करायचे म्हणजे साल मिठाच्या रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची. असे तीन-चार पुट चढेपर्यंत सलग ऊन हवे.

नीरफणसाला बी नाही, मग झाड येते कुठून?

मुळापासून. नीरफणसाला काही घरांत विलायती फणस म्हणतात. फणसाच्या कुळातला असला तरी त्याचे पान फणसासारखे साधे नसते, ते हाताच्या पंजासारखे खोल कापलेले आणि हातभर मोठे. आपल्याकडच्या जातीत फळ बीजधारणेशिवायच धरते. आत गर असतो, आठळी नसते. चिरायला ते सुखाचे, पण झाडाच्या दृष्टीने अडचणीचे. ज्या गावातले शेवटचे झाड गेले त्या गावात ते पक्ष्याने टाकलेल्या बीपासून पुन्हा उगवणार नाही. कोणीतरी जिवंत तुकडा हातात घेऊन यावा लागतो.

बी नसण्याच्या या एका गुणाने जगाच्या इतिहासातही एक प्रकरण घडवले आहे. वेस्ट इंडीजमधल्या ऊसमळ्यांतल्या गुलामांना स्वस्त अन्न मिळावे म्हणून ब्रिटिशांनी १७८७ मध्ये कॅप्टन विल्यम ब्लाय याला ‘बाउंटी’ जहाज घेऊन ताहितीला धाडले. बिया नेता येत नव्हत्या, म्हणून हजाराहून अधिक रोपे कुंड्यांतून न्यायची होती. ती तयार होईपर्यंत जहाज कित्येक महिने ताहितीतच थांबले. परतीच्या वाटेवर २८ एप्रिल १७८९ रोजी खलाशांनी बंड केले, ब्लायला होडीत बसवून समुद्रात सोडले आणि रोपे पाण्यात फेकली. दुसऱ्या फेरीत १७९३ मध्ये ती रोपे सेंट व्हिन्सेंट आणि जमैकाला पोहोचली. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला त्यांनी सुरुवातीला ते फळ तोंडाला लावले नाही, हा भाग वेगळा.

अलिबागच्या परसात जहाज लागत नाही, पण तत्त्व तेच आहे. नीरफणसाची मुळे जमिनीलगत पसरतात. पावसाच्या तोंडावर बुंध्यापासून काही अंतरावरचे, अंगठ्याएवढे जाड मूळ हलक्या हाताने उघडे करावे, त्याची साल थोडी खरवडावी आणि वर माती व पालापाचोळा टाकून ओल ठेवावी. जखमेच्या जागी कोंब फुटतो. तो हात-दीड हात उंच झाला की दोन्ही बाजूंचे थोडे मूळ घेऊन कापावा, पिशवीत लावावा आणि सावलीत ठेवावा. दुसरा मार्ग म्हणजे वीतभर लांबीचे मुळाचे तुकडे वाळूमिश्रित मातीत आडवे पुरून ओले ठेवणे. त्याला काही आठवडे ते काही महिने लागतात आणि सगळे तुकडे फुटतातच असे नाही. म्हणून एक हवे असेल तर चार-पाच लावावेत. गुटी बांधूनही रोप करता येते.

यातच वादळग्रस्त वाडीसाठी एक उपयोगी गोष्ट दडली आहे. नीरफणस उन्मळून पडला तरी जमिनीत राहिलेल्या त्याच्या तुटक्या मुळांतून कोंब येऊ शकतात. पडलेले खोड उचलावे, पण बुंध्याची जागा लगेच यंत्राने उकरून सपाट करू नये. एक पावसाळा वाट पाहावी. सापडलेल्या कोंबातला एक तिथेच ठेवावा आणि बाकीचे गावात वाटावेत.

पुळणीतल्या वाळूमिश्रित जमिनीत हे झाड चांगले येते, मात्र पाणी साचलेले त्याला चालत नाही. मुळापासून केलेले रोप साधारण चार ते सहा वर्षांत फळ देते. ते पन्नास फुटांपर्यंत जाऊ शकते आणि त्याचे लाकूड ठिसूळ असते, म्हणून घराच्या कौलांपासून आणि विजेच्या तारांपासून पंचवीस-तीस फूट लांब ठेवावे. फळे उतरल्यावर शेंडा छाटत राहिले की झाड हाताशी राहते आणि वाऱ्याला कमी सापडते. फळ देठासकट काढून चीक गळून जाईपर्यंत उलटे ठेवावे, आणि चिरताना विळीला तेल लावावे.

बिंबली लावायला सोपी. मग सावध कशासाठी राहायचे?

लावायला याहून सोपे झाड नाही. ताज्या बीचे रोप होते, मोरीच्या पाण्यावर वाढते, तीन-चार वर्षांत बुंध्यापासून फांद्यांपर्यंत बोटाएवढ्या हिरव्या फळांचे झुबके लागतात. घरासाठी एक झाड पुरून उरते, दोन लावणे म्हणजे शेजाऱ्यांना त्रास. कुंडीतून विकत घेतलेले रोप असेल तर ते बिंबलीचेच आहे ना, हे विचारून घ्यावे. कमरख म्हणजे धारेचे फळ हे तिचे सख्खे भावंड, आणि लहानपणी दोन्हींची पाने फसवतात. जास्तीची बिंबली मीठ लावून उन्हात वाळवली की आंबोशीसारखी वर्षभर वापरता येते.

सावध राहायचे ते रसाबाबत. बिंबलीत ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असते. कोलेस्टेरॉल किंवा साखर कमी होते म्हणून तिचा कच्चा रस पेला-पेला पिण्याचे सल्ले फिरत असतात. केरळमधल्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये असा रस पिऊन मूत्रपिंडे अचानक निकामी झालेल्या दहा रुग्णांची नोंद एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यातल्या सात जणांना डायलिसिस करावे लागले होते. कालवणात पडणाऱ्या चार-पाच बिंबल्या ही वेगळी गोष्ट आहे, त्या पिढ्यान् पिढ्या पडत आल्या आहेत. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र त्याही डॉक्टरांना विचारूनच खाव्यात. रस कोणीही पिऊ नये.

अंबाडा, रायवळ आणि फणसाचे काय?

अंबाडा म्हणजे अंबाडीची भाजी नव्हे, नावातल्या साम्याने रोपवाटिकेत घोटाळा होतो. हे मोठे होणारे, उन्हाळ्यात पान झडणारे झाड आहे. पावसाच्या आरंभी मनगटाएवढ्या जाडीची, चार-पाच फूट लांबीची फांदी कापून, दोन दिवस सावलीत ठेवून जमिनीत रोवली तरी ती फुटते. कुंपणाच्या कोपऱ्यातला खुंट म्हणून लावायला ते उत्तम, घराजवळ नको. गणपतीच्या सुमारास कोवळी फळे मिळाली पाहिजेत, तेवढ्यासाठी ते एक असावे. कोय धागेदार होण्यापूर्वीच फळ काढायचे असते.

रायवळाची कोय लावली तर आईसारखेच फळ येईल याची खात्री नसते, प्रत्येक कोयीचे झाड वेगळे निघते. गावात एखाद्या रायवळाच्या कैरीची आंबोशी चांगली होते अशी ख्याती असेल तर त्या झाडाची काडी आणून कलम बांधणे हाच मार्ग. हापूसची कलमे गल्लोगल्ली मिळतात, चांगल्या रायवळाची मागितल्याशिवाय मिळत नाहीत. फणसाची आठळी ताजी असतानाच रुजवावी, वाळली की रुजत नाही. भाजीसाठीच हवा असेल तर फळ भरपूर धरणारी ‘कोकण प्रॉलिफिक’ ही दापोली विद्यापीठाची जात आहे.

तीन-चार गुंठ्यांच्या परसात हे सगळे बसेल का?

सगळे नाही, आणि बसवूही नये. साधारण मेळ असा घालता येतो. समुद्राच्या बाजूला नारळ, वारा अडवायला. त्यांच्या आतल्या अंगाला एक किंवा दोन कोकम कलमे, एकमेकांपासून वीस फुटांवर. मोरीच्या किंवा विहिरीच्या पाण्याजवळ एक बिंबली. नीरफणस किंवा फणस यातले एकच, तेही घरापासून दूरच्या कोपऱ्यात. अंबाडा कुंपणात, शेजाऱ्याशी बोलून, कारण अर्धी फळे त्याच्याकडे पडणार. चौघा शेजाऱ्यांनी चार वेगळी झाडे लावली तर प्रत्येकाचे कालवण भागते. जुन्या आळ्यांमध्ये हेच चालत असे, फक्त त्याला कोणी नियोजन म्हणत नसे.

अलिबागला पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि नंतरचे सात-आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. त्यामुळे नव्या झाडाला धोका पावसात कुजण्याचा आणि मार्च ते मेमध्ये वाळण्याचा, दोन्ही. जूनमध्ये खड्ड्याभोवती मातीचा उंचवटा ठेवावा, म्हणजे पाणी तुंबत नाही. दिवाळीनंतर त्याचेच आळे करून त्यात नारळाची सोडणे उलटी पसरून वर पालापाचोळा टाकावा, ओल धरून राहते. पहिले तीन उन्हाळे आठवड्यातून दोनदा पाणी मिळाले पाहिजे. विहिरीचे पाणी मेअखेरीस खारट होत असेल तर लहान रोपांना ते न देता घरातले भांडी विसळलेले, साबण नसलेले पाणी द्यावे.

वाडी विकायची ठरलीच असेल, तर सौद्याआधीच्या पावसाळ्यात दोन कामे उरकता येतात. नीरफणसाच्या मुळाचे कोंब वेगळे करणे आणि चांगल्या रातांब्याच्या झाडाच्या उभ्या फुटीच्या काड्या कलमासाठी देणे. काडी कापल्यावर ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बांधावी लागते, म्हणून कलमे बांधणाऱ्याशी आधी बोलून ठेवावे. कोंबांना दुसरीकडे रुजायला एक पावसाळा पुरतो, तो जून ते सप्टेंबर असा मोजून ठेवावा.